टेपरेकॉर्डरला हुंकार

बी.एड. करताना मला मोठ्या माणसांच्या इंग्रजीच्या वर्गाचं निरीक्षण करायला बेलापूरला धाडलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेलापुरात कचेऱ्या आल्या होत्या, रेल्वे यायची होती. संध्याकाळी शाळेच्या एका खोलीत श्रवणाचा तास भरे. सर टेपरेकॉर्डर लावत, त्यातला बाप्या भराभर इंग्रजी बोले आणि लहान पोरांच्या बाकांत कसेबसे मावलेले पंधरा प्रौढ उत्तरं लिहीत. मी मागे वही उघडून बसलेली. दुसऱ्यांच्या चुका टिपायच्या म्हणून मनातून खूश.

पहिल्याच दिवशी टेप सुरू झाली आणि कुणीतरी म्हणालं, "हूं." मग प्रत्येक वाक्याला, "हूं." हूं म्हणणाऱ्या त्या करावे गावातल्या, तिशीतल्या एक बाई होत्या. नव्या शहरासाठी जमीन गेलेल्या घरातल्या म्हणून त्यांना एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळणार होती, पण फोनवरून इंग्रजी निरोप लिहून घ्यायची, आठवड्यावर आलेली परीक्षा पास झाल्या तरच. वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले.

सर म्हणाले, "ताई, हे यंत्र आहे. त्याला हुंकार कशाला?"

"मानूस बोलताय न आपुन मुकाट बसाचा? त्याला वाटंल, आयकनारी निजली."

त्यांच्याकडे कुणी गोष्ट सांगायला बसलं आणि हुंकार थांबला, तर गोष्टही थांबायची म्हणे. पण सरांनी बंदी घातली. दुसऱ्या दिवशी बाई तोंडाशी पदराचा बोळा धरून बसल्या आणि एकूण एक उत्तर चुकलं. आदल्या दिवशी निम्मी तरी बरोबर होती. हे डोळ्यांदेखत घडूनही मी शहाणीने वहीत त्यांच्याविरुद्धच दोन वाक्यं लिहिली.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या त्या सुक्या कोळंबीचा डबा घेऊन. परीक्षेचं काय झालं, असं सगळ्यांनी एकदम विचारलं.

"फोनवं सायेब विंग्रजी बोलाला लागला. सरांनी सांगलंवतं तशी मी मुकाट. त्याला वाटला फोन मेला. हलो हलो करून दमला. मंग मी म्हनलं, जाऊं दे, न हूं केला. मंग तो दमानं बोलाला लागला. मी हूं केला का मंगच पुढं जाय. समदा निरोप लिवला."

नोकरी मिळाली होती. सर इतके खूश झाले की टेप लावायचीच विसरले.

डबा फिरत माझ्यापाशी आला तेव्हा बाईंनी विचारलं, "मॅडम, माज्याबद्दल काय लिवलाव?"

थाप मारता आली असती. पण मला माझीच लाज वाटत होती. मी वही उघडून वाचलं, "या बाईंना मध्येच आवाज करायची खोड आहे."

"हूं."

"ती मोडल्याशिवाय या इंग्रजी ऐकायला शिकणार नाहीत."

"हूं," बाई म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिल्या. पुढे मी काही लिहिलेलंच नव्हतं.