एका हाताचे दोन अर्ज

शहाडजवळ नदीकाठच्या एका लहान गावात मी शाळामास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. बंदुकांचा नवा कायदा होऊन थोडीच वर्षे झाली होती. बंदूक बाळगायची तर सरकारी परवाना लागे. आमच्या गावात तो एकट्या माझ्या शेजाऱ्याकडे होता. शेजारी विधुर, साठीकडे झुकलेला. त्याचे भाताचे शेत रानाला लागून होते. डुकरे उठवायला त्याची ठासणीची बंदूक. कुणाचे लग्न निघाले की गावकरीच त्याला वरातीपुढे बार काढायला लावीत.

मग एका वर्षी पलीकडच्या तालुक्यात दरोडे पडले आणि गावाची नजर फिरली. हा विहिरीवर आला की बायका घागरी अर्ध्याच भरून निघू लागल्या. तो कुणाला वाकडा शब्द बोलल्याचेही कुणी सांगत नव्हते. पण "घरात बंदूक आहे, डोके फिरायला किती वेळ?" असे जो तो म्हणे.

एके दिवशी शाळा सुटताना पाटील चौघांना घेऊन आला.

"मास्तर, मामलेदारसाहेबांना अर्ज करायचा आहे. तुमच्या शेजाऱ्याचा परवाना काढून घ्या म्हणून."

"पण त्याने केले काय?"

"काही केले नाही तोवरच अर्ज केलेला बरा. तुम्ही नुसते लिहा. अंगठे आमचे."

शाळा पाटलाच्या ओसरीवर भरत होती. मी लिहून दिले. अक्षर तेवढे माझे, अशी मनाची समजूत घातली.

महिन्याभरात शिपाई येऊन बंदूक कल्याणच्या कचेरीत घेऊन गेला. भात पोटरीला आले होते, लोंब्या आता बाहेर पडणार होत्या. शेजारी रोज संध्याकाळी बडवायला पत्र्याचा डबा घेऊन शेतातल्या माळ्यावर जाई, पण डुकरे डब्याला सरावली. एका सकाळी तो मला बांधावर घेऊन गेला. निम्मे शेत नांगरल्यासारखे उकरलेले होते.

"मास्तर, मना एक अर्ज लिवून द्या. बंदूक परत मिलावी म्हनून."

मी खाली बघत राहिलो. तो म्हणाला, "पयला बी तुमीच लिवला ना? गावात दुसऱ्या कोनाला लिवता येतं?"

"पाटलाला नाही म्हणवले नाही," मी म्हणालो.

"तुमचा राग नाय मना. पन मी तुमचा शेजारी. तुमाला तरी माजं भ्या वाटलं होतं का?"

"नाही."

तो वाकून उकरलेली रोपे गोळा करू लागला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसरा अर्ज मी जीव ओतून लिहिला. कल्याणला चालत जाऊन स्वतः दिला. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला आणि हसला. "मास्तर, मागचा अर्जही याच अक्षरात होता. साहेबांनी कोणता खरा मानायचा?"

दिवाळीनंतर हुकूम आला. अर्ज नामंजूर. मीच त्याला वाचून दाखवला.

"कारन काय लिवलंय?"

"कारण लिहिलेले नाही."

त्याने कागद हातात घेतला, वाचता येत नव्हते तरी बराच वेळ पाहिला, आणि नीट घडी करून मला परत दिला. पुढच्या पावसाळ्यात त्याने ते शेत लावलेच नाही. कळव्याला लेकीकडे राहायला गेला. त्याच्या गाडीत सामान चढवायला मी गेलो होतो. गावातले दुसरे कुणी आले नाही.