दत्तोपंतांची ठेंगणी गाडी

दत्तोपंतांचा उजवा गुडघा वाकत नाही. तीन वर्षांपूर्वी बोरीच्या अलीकडे सांडलेल्या खडीवरून त्यांची मोपेड घसरली. पायात सळई घातली, जखम चिघळली, आणि सगळं बरं होता होता सांधाच आखडून गेला. डॉक्टरांनी सांगितलं, "चालाल, फिराल. पण पाय आता असाच सरळ राहणार."

जिंतुरात राहून आसपासच्या गावांत भिक्षुकी करणाऱ्या माणसाला हे फार जड गेलं. मांडी घालून बसता येईना. पाय पसरून बसावं तर तो देवाकडे येणार. मोपेडवर पाय मावेना. एसटीत बसले की त्यांचा पाय मधल्या वाटेत आडवा. येणारे-जाणारे अडखळायचे, एखादा चिडून बोलायचा, आणि पंत प्रत्येकाची माफी मागत जायचे. दोन-तीनदा असं झालं आणि त्यांनी बाहेरगावी जाणंच सोडलं. फोन आला की "प्रकृती बरी नाही" म्हणायचे. सव्वीस वर्षं पहाटे घर सोडणारा माणूस दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहायला लागला. आमचं घर समोरच. वैदेहीकाकू त्यांच्यापुढे चहा ठेवायच्या आणि तासाभरानं तोच कप, साय धरलेला, उचलून न्यायच्या.

गल्लीच्या तोंडाशी सिद्धोधनचं गॅरेज आहे. हाताला हुन्नर असलेला पस्तिशीचा माणूस. बोलतो कमी, पण गाडीबद्दल विचारलं की थांबत नाही. एका सकाळी पंत काठी टेकत फुलं आणायला निघाले होते, ते गॅरेजपुढे थबकले.

तिथं एक काळी गाडी उभी होती. लांबलचक आणि ठेंगणी. बसायची जागा जेमतेम मांडीच्या उंचीवर, हँडल म्हणजे एक सरळ आडवी दांडी, मागचं चाक चांगलं जाडजूड, आणि सीटच्या मागं गाडी बारीक होत होत शेपटीसारखी निमुळती झालेली. उभी असतानाच ती सुटायच्या बेतात असल्यासारखी दिसायची. पण पंत हे काहीच बघत नव्हते. ते पाय ठेवायच्या दांड्या बघत होते. त्या इतर गाड्यांसारख्या बुडाखाली नव्हत्या. पार पुढे, इंजिनाच्याही पुढे होत्या.

"पुण्याला नोकरी लागली मालकाला, इकायला ठेवून गेलाय," सिद्धोधन म्हणाला. "शर्यतीच्या गाड्यांवरून काढलेली ढब हाय ही. सरळ रस्त्यावर सुसाट पळायच्या शर्यती असतात न्हाई का, त्या."

"पाय इतके पुढे कशाला?"

"लांब करून बसायचं, ऐटीत. गुरुजी, बसून तर बघा."

पंतांनी इकडंतिकडं पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. सगळे गाडीवर डावीकडून बसतात. सिद्धोधननं त्यांना उजवीकडून उभं केलं, आखडलेला पाय जमिनीवर तसाच ठेवून डावा पाय वाकवून पलीकडे टाकायला लावला. सीट इतकी खाली होती की ते सहज जमलं. मग सिद्धोधननं त्यांची उजवी टाच उचलून पुढच्या दांडीवर ठेवली. पाय सरळच होता, आणि तिथं तो सरळच असायला हवा होता.

पंत दोन्ही हात हँडलवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. सिद्धोधन आत गेला, नट खोलायचे दोन पाने धुतले, बाहेर आला, तरी ते बसलेलेच.

"उतरवू का, गुरुजी?"

"थांब जरा," पंत म्हणाले.

गाडी घरी आली तेव्हा वैदेहीकाकू दारात हातात तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. "अहो, हे काय आणलंत?" एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी चहाचा कप रिकामा परत आला.

पुढचे दोन महिने गाडी रस्त्यापेक्षा गॅरेजात जास्त होती. हँडलची दांडी लांब पडायची, पंतांची पाठ भरून यायची. सिद्धोधननं खाली ठोकळे घालून ती उचलली आणि जवळ घेतली. पायाची उजवी दांडी चार बोटं आणखी पुढं सरकवली, ब्रेकचं पेडल रुंद केलं, म्हणजे घोट्यातून नुसतं पाऊल दाबलं की पुरे. सायलेन्सर नेमका आखडलेल्या पायाखालून जायचा. चटका बसला तर पाय पटकन घेता येणार नाही, म्हणून त्यावर पत्र्याची जाळी बसवली. धोतराचा सोगा चेनमध्ये जाऊ नये म्हणून चेन सगळी झाकली. सामानासाठी चामड्याच्या पिशव्या होत्या, त्यांना काकूंनी ठाम नकार दिला. मग ताडपत्रीवाल्याकडून खाकी कापडाच्या दोन शिवून घेतल्या: एकीत सोवळं आणि पोथी, दुसरीत ताम्हन-पळी आणि समई. काठीला पुढच्या चाकाशेजारी एक खोबण मिळाली. शेवटी पंत आणि सिद्धोधन परभणीला आरटीओत जाऊन दिव्यांगासाठी बदललेली गाडी म्हणून रीतसर नोंद करून आले.

चालवणं मात्र पंतांचं त्यांनाच शिकावं लागलं. सरळ रस्त्यावर गाडी ओढ्याच्या पाण्यासारखी वाहायची. वळणावर हट्ट करायची. जाड चाक कलायला तयार नसायचं, आणि एवढी लांब गाडी वळवायला अख्खा रस्ता लागायचा. गतिरोधकावर पोट घासायचं. पंतांनी तिरकं घेऊन, एकेक चाक हळू उतरवायचं तंत्र बसवलं.

लोक हसले, हे खरंच आहे. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं आणि पाय पुढं ताणून बसलेले गुरुजी. पोरांनी व्हिडिओ काढले. एका जुन्या यजमानांनी फोन करून सांगितलं, "पंत, आपल्या कामाला हे शोभत नाही." पंत नुसतं "बरं" म्हणाले. त्या घरचं बोलावणं पुन्हा आलं नाही. त्या दिवशी गाडी दिवसभर झाकून ठेवलेली होती.

मग चारठाण्याहून पार्वतीबाईंचा फोन आला. शेतकरी घरातली सत्तरीची बाई. त्यांच्या घरचं बारसं, लग्न, सगळं पंतांनीच केलेलं. मुलानं, हरिओमनं, दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यांची वास्तुशांत करायची होती.

"पार्वतीबाई, मला खाली बसता येत नाही आता. दुसरे गुरुजी बघा."

"दुसरं कोण न्हाई बघायचं. तुमी या. बसायचं मी बघते."

पंत निघाले. सोबतीला सिद्धोधन आपल्या गाडीवर मागं मागं होता. चारठाण्याच्या गल्लीत शेवटचं वळण काही केल्या बसेना. पुढं-मागं, पुढं-मागं, तीनदा. अंगणात पोचले तेव्हा पंत घामानं थबथबले होते.

पार्वतीबाईंनी नव्या खोलीत विटा रचून गुडघाभर उंचीचं बसायचं केलं होतं, वर धुतलेली घोंगडी. चौरंग समोर नाही, डावीकडे ओढून ठेवलेला. म्हणजे पाय दाराकडे जायचा आणि पंत कमरेतून वळले की देव समोर. सून भिंतीशी उभी होती, तिला त्या म्हणाल्या, "सकाळधरनं तीनदा बसून बघितलं मी, पाय लांब करून. जमतंय."

पंत तरी उंबऱ्यातच घुटमळले. "पाय असा लांब करून देवापुढे…"

"देवाला काय दिसत न्हाई का, गुरुजी, पाय दुखायलाय ते?" पार्वतीबाई म्हणाल्या. "बसा बेगीन. मुहूर्त जायलाय."

पंत बसले. पहिला मंत्र घोगरा निघाला, दुसरा जरा मोकळा. पुढं सगळं नीट झालं. सिद्धोधन बाहेर लिंबाखाली चहा पीत ऐकत होता. नंतर तो मला म्हणाला, "ह्यो आवाज गल्लीत कवा ऐकलाच नव्हता मी."

हळूहळू बोलावणी वाढली. गावोगावच्या घरांत विटांच्या बैठका झाल्या.

एवढं झाल्यावर एक दिवस पंत गॅरेजात आले आणि म्हणाले, "सिद्धोधन, मागं एक माणूस नीट बसेल असं कर."

वैदेहीकाकूंचं माहेर ताडकळसला. पंतांच्या अपघातानंतर त्या एकट्या दोनदा एसटीनं जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा त्यांची आई दाराकडे बघत विचारत राहिली, "जावईबापू मागून यायलेत का?" हे काकूंनी सांगितलं नव्हतं, मेहुण्यानं फोनवर सांगितलं होतं.

सिद्धोधननं गाडीच्या शेपटीवर हात ठेवला. "गुरुजी, सगळं बदललं मी, न्हाई म्हणलो न्हाई. पण हिची सगळी शान हितं हाय. ही काढली की म्हैस दिसंल."

"दिसू दे."

सिद्धोधननं दोन दिवस गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं शेपटी खोलली, फडक्यानं पुसली आणि गॅरेजच्या भिंतीवर टांगली. मागं रुंद सीट केली, टेकायला पाठ केली, काळ्या दोऱ्याची शिलाई घातली. पाठ किती उंच ठेवायची हे कळेना, तेव्हा पंतांनी काकूंना स्टुलावर बसायला सांगितलं आणि मागून दोरीनं माप घ्यायला लागले.

"अहो, हे काय चाललंय?"

"काही नाही. खुर्ची करायची आहे."

"खुर्चीला हँडल असतं का?" काकू म्हणाल्या, आणि वळून न बघता ताठ बसून राहिल्या, माप नीट यावं म्हणून.

रविवारी सकाळी दोघं निघाले. काकू पंजाबी ड्रेस घालून आल्या. लेकीचा, ती नांदायला गेल्यापासून कपाटात असलेला. दोन्ही बाजूंना पाय टाकून त्या आयुष्यात पहिल्यांदा बसल्या. पहिल्याच वळणावर पंत ओरडले, "वैदेही, तू उलटी कलतेस! गाडीबरोबर कल!"

"मग काय गाडीबरोबर पडू?"

"पडत नाही. माझ्या खांद्याकडे बघ. तो जिकडे जाईल तिकडे जा."

बोरी गेलं, झरी मागं पडलं. झरीनंतर, काकू सांगतात, वळण आलेलं त्यांना कळलंच नाही. परभणीत थांबून दोघांनी उसाचा रस घेतला. ताडकळसला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. म्हातारी ओसरीवर बसलेली होती. तिला दिसतं कमी. इंजिन बंद झाल्यावर तिनं विचारलं, "कोण हाय?"

"आई, मी दत्ता," पंत म्हणाले.

म्हातारी उठली, भिंत धरत धरत अंगणात आली, आणि त्यांच्या सरळ पायावरून मांडीपासून टाचेपर्यंत हळूच हात फिरवला. काकू पदर शोधत होत्या डोळे पुसायला. ड्रेसला पदर नव्हता, तेव्हा ओढणी सापडली.

आता ती दोघं महिन्यातून एकदा तरी जातात. काकूंनी स्वतःसाठी निळं हेल्मेट घेतलंय. त्यात अंबाडा मावत नाही, म्हणून वेणी घालायला लागल्यात. परवा निघताना पंत वेणीकडे बघत उभेच राहिले, तर काकू म्हणाल्या, "चला आता, ऊन व्हायलंय."

पंत उजवीकडून बसले, आणि काकू मागं.