पाणी मारलेलं मैदान

नववीतल्या त्या मुलीने आईचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि नखं कुरतडत उभी राहिली. एका सरकारी निवासी केंद्राच्या हॉकी निवड चाचणीचा मेसेज होता. पुण्याला, अठरा दिवसांनी. निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा आणि रोज टर्फवर सराव. वयाच्या अटीत ती बसत होती.

"सरांना दाखवलंस?"

"न्हाय. सर म्हनतील, जाऊन काय उपेग. आय पन तेच बोलते." थोडं थांबून तिने विचारलं, "ताई, तुला तिथं वशिला न्हवता म्हनून घेतली न्हाय ना?"

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मेसेज पुन्हा वाचत असल्यासारखं केलं. आमच्या सगळ्या मुलींमध्ये धावताना चेंडू स्टिकला चिकटवून ठेवणारी तीच एक होती. ती जाणार की नाही हे मी काय बोलते त्यावर ठरणार होतं, आणि मला ते कळत होतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. फॉर्म भरायचा असो की औषधाच्या पाकिटावरचं वाचायचं असो, शेजारपाजारचे माझ्याकडे येतात आणि मी सांगितलं की ते तसंच असणार असं धरतात. याचं मला पूर्वी बरं वाटायचं.

आमचं मैदान म्हणजे थळचा किनारा. शाळेचं मैदान मुरमाचं आहे, तिथे चेंडू कुठेही उडतो. म्हणून पी.टी.चे सर मुलींना वाळूवर आणतात. पाणी मागे गेलं की वाळू टणक होते आणि माशांचे चार क्रेट मांडले की दोन गोल तयार. सर मूळचे कबड्डीचे. शाळेला कुठूनतरी हॉकी स्टिकची पेटी मिळाली, तेव्हा नियमांचं पुस्तक वाचून ते आधी स्वतः शिकले, मग आम्हाला शिकवलं. कॉलेज सुटल्यावर मी त्यांना मदत करते.

सरावाची वेळ तिथीवर ठरते. तिथीची पाऊणपट केली की पाणी पूर्ण भरायची वेळ मिळते, त्यानंतर सहा तासांनी किनारा मोकळा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरपूर मैदान असतं. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस येतात, तेव्हा पाणी दुपारी बाराला उतरतं आणि तेही धड उतरत नाही. तो आठवडा सराव बंद. म्हणजे शहरातल्या मुली महिनाभर खेळतात, आम्ही अर्धा महिना.

या मैदानाची एक खोड आमच्या हातापायांत बसली आहे. ओहोटीनंतर वाळूवर कुठे कुठे पाण्याचा पातळ थर राहतो. तिथे चेंडू गेला की जागच्या जागी बसतो. म्हणून ओलं दिसलं की जोरात मारायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

मी दहावीत असताना याच चाचणीला गेले होते. सरांना परीक्षेचं काम होतं, म्हणून बाबा सोबत आले. त्या वेळी पालकांना गेटबाहेर थांबवलं होतं. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, मी पहिल्यांदाच पाहत होते. एवढं सपाट काही आमच्याकडे नाही. खेळ सुरू होण्याआधी दोन माणसांनी मोठ्या पाइपने सगळीकडे पाणी मारलं. मी मनाशी म्हटलं, आता चेंडू अडकत जाणार. शेजारच्या मुलीला विचारता आलं असतं. तिच्या पायात हॉकीचे खरे बूट होते. मी विचारलं नाही.

पहिला पास मी सगळी ताकद लावून मारला. चेंडू आमच्या संघातल्या मुलीच्या पुढून, रेषेच्या बाहेर, जाळीवर आपटला. दुसराही तसाच. मग माझ्याकडे पास आला, तो हळू होईल म्हणून मी वाट बघत उभी राहिले आणि तो माझ्या स्टिकखालून निघून गेला. टर्फवर पाणी मारतात ते चेंडू सुसाट जावा म्हणून, हे मला वीस मिनिटांनी, बाहेर बसवल्यावर कळलं. कुणीतरी हसलं होतं. ते मला हसलं असेलच असं नाही.

घरी आल्यावर सरांनी विचारलं, "काय झालं?"

"त्यांच्या ओळखीच्या मुली होत्या, सर."

मी एवढंच म्हणाले. वशिला हा शब्दही माझा नव्हता. बाबांनी तो शेजारी सांगताना वापरला, पुढे बाजारात त्याला हातपाय फुटले. सर माझ्यासाठी इतके चिडले की त्यानंतर त्यांनी कुणालाच चाचणीला पाठवलं नाही. "आपल्या पोरींचा अपमान करून घ्यायला कशाला जायचं?" असं ते म्हणायचे. तीन वर्षं झाली. मधल्या काळात दोघी चांगल्या खेळायच्या. एक आता किहीमला कॉटेजवर कामाला जाते, दुसरीचं लग्न ठरलं आहे. त्या निवडल्या गेल्याच असत्या असं मी म्हणत नाही. पण त्यांना मी सांगायला हवं होतं.

मेसेज पाहिल्यापासून मला कुठेच बसवेना. कॉलेजात प्राध्यापक इतिहास शिकवत होते आणि मी वहीच्या कडेला दिवस मोजत होते. सतरा. सोळा. शेवटी ठरवलं, मुलीच्या आईला जाऊन खरं सांगायचं. ती मासळी बाजारात बसते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काय गो, आज कॉलेजला सुट्टी?"

"नाही काकी. जरा बोलायचं होतं."

"बोल की. हातानं बोंबील साफ करते, कानानं न्हाय."

शेजारच्या बायका हसल्या. एक गिऱ्हाईक पापलेटचे कल्ले उघडून बघत होतं. मी तोंड उघडलं, आणि अर्धा किलो मांदेली मागितली. खरं सांगायला गेलेली मी पिशवीत मांदेली घेऊन घरी आले. आई म्हणाली, "आज काय विशेष?" मी मांदेली साफ करायला बसले.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. ते ओट्यावर बसून एका स्टिकला टेप गुंडाळत होते. या वेळी मी बसलेही नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं: पाइप, पाणी, जाळीवर आपटलेला चेंडू, आणि ओळखीच्या मुली कुणीच नव्हत्या हे.

सरांनी टेप दाताने तोडली.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

"हो सर."

"मागच्या वर्षीच्या त्या दोघी..." त्यांनी स्टिक खाली ठेवली. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, "पाणी मारल्यावर चेंडू नक्की किती जोरात जातो?"

"धरायला वेळच मिळत नाही."

"हे मलाही माहीत नव्हतं. पुस्तकात पाण्याचं काही नाही." ते उठले, चप्पल शोधू लागले. "चल. तिच्या आईला तूच सांगायचं. मी नुसता बाजूला उभा राहीन."

मुलीची आई घरामागे बोंबील वाळत घालत होती. मी सांगत असताना तिचे हात चालूच होते. मग ते थांबले.

"म्हंजी आमी तीन वरसं त्या लोकांना शिव्या घालतोय, त्या फुकट?"

"हो काकी."

"आनि काल मांदेली न्यायला आलीस?"

मी मान खाली घातली. सर खोकले.

"शिकली-सवरलेली पोर तू," ती म्हणाली, "तुज्या बोलन्यावर मी माज्या पोरीला घरात ठेवत व्हते." हे ती मोठ्याने म्हणाली नाही, आणि म्हणून मला ते जास्त लागलं. मग सरांकडे वळून तिने विचारलं, "आता? हिला ठाव न्हवता ते माज्या पोरीला कोन शिकवनार? इथं टरफ कुठं हाय?"

उत्तर मुलीनेच दिलं. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आय, लिलावाची शेड धुतात ना, तवा लादी कशी होते? तू घसरून पडलेलीस ना तिथं."

बंदरावरच्या मासळी लिलावाच्या शेडला गुळगुळीत लादी आहे. सकाळचा लिलाव संपला की ती पाइपने धुतात. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. मी हलकेच चेंडू ढकलला आणि तो पार टोकाच्या खांबाला जाऊन लागला. मुलगी त्याच्यामागे धावली, घसरली, बसली आणि हसत सुटली. मला हसू आलं नाही. तो वेग माझ्या ओळखीचा होता.

मग रोज लिलावानंतर तासभर. भरती-ओहोटीचा इथे प्रश्न नव्हता, पण बायकांचा होता. टोपल्या आवरताना त्यांची तोंडं चालायची.

"काय गो, आज कुठला मावरा मारताय? पापलेट का बोंबील?"

"सर, तुमी पन खेला की! पडलात तर आमी उचलू, टोपलीत घालून नेऊ."

एकदा चेंडू एकीच्या कोलंबीच्या टोपलीत गेला, तेव्हा सरांनी हात जोडले. तरी कुणी आम्हाला हाकललं नाही. मुलीची आई पाइप धरून उभी राहायची आणि लादी सुकली की विचारायची, "मारू का पानी?" आठवड्याभरात मुलगी चेंडूला स्टिक नुसती टेकवायला शिकली. समोरून आलेला चेंडू स्टिक सैल धरून ती अलगद जागीच थांबवायची. मला रोज वाटायचं, झालं. आणि रोज संध्याकाळी वाटायचं, अजून काहीतरी आहे जे मला माहीत नाही.

चाचणीच्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही तिघी निघालो: ती, तिची आई आणि मी. सरांना पुन्हा परीक्षेचं काम निघालं होतं. या वेळी पालकांना आत बसू दिलं. माणसांनी पाइप सोडला तेव्हा मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिचे पहिले दोन पास हळू पडले. मीच तिला इतकं भ्यायला शिकवलं होतं. तिसरा बरोबर गेला. चौथा तिने दोघींच्या मधून असा सरकवला की मागे बसलेला एक माणूस "वा" म्हणाला. काकींनी माझं मनगट धरलं. दहा मिनिटं मला वाटलं की झालं.

मग समोरच्या मुलींनी चेंडू तिच्या डाव्या हाताला द्यायला सुरुवात केली. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते, म्हणून डाव्या बाजूने जाणारा चेंडू ती उलटी फिरवून अडवावा लागतो. वाळूवर तो इतका सावकाश येतो की आम्ही दोन पावलं टाकून त्याच्या पलीकडे जातो आणि सरळ स्टिकनेच घेतो. शेडमध्ये तर मी चेंडू नेहमी समोरूनच ढकलत होते. इथे ती पावलं टाकेपर्यंत चेंडू निघून गेलेला असायचा. एकदा, दोनदा, मग प्रत्येक वेळी. समोरच्या मुलींना ते कळलं होतं, आणि त्या परत परत तिथेच मारत होत्या. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगायचं काय होतं?

चारच्या सुमारास यादी लावली. तिचं नाव नव्हतं. यादी लावणाऱ्या बाई तिला म्हणाल्या, "पाय छान आहेत तुझे. डावी बाजू तयार कर आणि ये." वयाच्या अटीत ती आणखी एकदाच बसते.

परतीची एसटी घाटाजवळ आली होती. मी बोलायला हवं होतं, पण मनात जी वाक्यं जुळवत होते ती सगळी समजूत घालणारी होती. काकी खिडकीबाहेर बघत होत्या. मग मुलीने माझा फोन मागितला आणि सरांना लावला.

"सर, न्हाय झाला." ती सरळ बोलत होती, जवळजवळ रागाने. "डावीकडचा चेंडू सहा वेळा सुटला. मी मोजला. त्या पोरी माझ्यापेक्षा बऱ्या खेळल्या, सर. पानी मारलेला जमला. पयले दोन पास हलू गेले, नंतर जमला. पन डावीकडचा येतच न्हाय मला."

पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून पाहिलं. तिला त्याचं काही नव्हतं. काकींनी तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या. मी ऐकत होते. हीच बस, हाच रस्ता, दहावीत मी याच खिडकीला टेकून काय सांगायचं ते शोधत होते. तिने काहीच शोधलं नाही.

तिने फोन माझ्याकडे दिला. "सर बोलतायत."

"आता काय करायचं?" सरांनी विचारलं. "उलट्या स्टिकचं आपल्याकडे कोण शिकवेल? तुला काय वाटतं?"

बस घाट उतरत होती, आवाज तुटत होता. काहीतरी सुचवावं म्हणून मी तोंड उघडलं.

"मला माहीत नाही, सर."

"मलाही नाही," ते म्हणाले. "तिला दे फोन. अजून सांगू दे."