इरियोचं उजवं मडगार्ड

नव्या गाड्या बघितल्या की आदेल्मो बेर्गोन्झीनीचं तोंड वाकडं व्हायचं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं इटलीतल्या मोदेनात शर्यतीच्या गाड्यांचा पत्रा ठोकला, त्यात कान अर्धे गेले, आणि नात निघाली ती नेमकी नव्या गाड्यांचे आकार काढणारी.

रविवारी जेवायला आली की दिलेत्ता मुद्दाम आपल्या गाडीचा फोटो त्याच्या ताटाशेजारी ठेवायची.

"हे तोंड आहे की चिडलेली गांधीलमाशी?" तो म्हणायचा. "जिथे बघावं तिथे भोकं आणि जाळ्या!"

"हवा आत जायला नको का, आजोबा? आता गाडीचा आकार वारा ठरवतो."

"आमच्या वेळी काय वारा नव्हता? आमच्या गाड्या वाऱ्याला वाट द्यायच्या. तुझी त्याच्याशी भांडायला निघालीय."

"आणि तुमच्या गाड्या दोनशेच्या वर गेल्या की पुढून उचलायच्या. देखण्या होत्या, मान्य. पण चालवणारा घाबरून अर्धा व्हायचा त्याचं काय?"

 मग आदेल्मो थोडी वाइन ओतून घ्यायचा आणि आपल्या ठरलेल्या गोष्टीवर यायचा. ती गोष्ट म्हणजे इरियोचं मडगार्ड.

इरियो त्याचा जिवलग. दोघं एकाच कारखान्यात, एकाच गाडीवर. त्या कारखान्याची रीत अशी, की गाडीची डावी बाजू एकाने ठोकायची आणि उजवी दुसऱ्याने. मध्ये जाड तारा वाकवून केलेला गाडीचा सांगाडा. ज्याने त्याने आपापला पत्रा सांगाड्याला लावून बघायचा. दुसऱ्याच्या बाजूला माप लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. आदेल्मो कायम डावीकडे, डावखुरा इरियो उजवीकडे. त्यांच्या हातची कुठलीही गाडी समोरून नीट बघितली, तर दोन्ही गाल कधीच सारखे नसायचे.

त्रेसष्ट साली एका निळ्या गाडीत हा फरक फारच झाला. उजवं मडगार्ड डाव्यापेक्षा बोटभर वर आलं. गाडी जोडून उभी केल्यावर ते मालकाच्या डोळ्यात खुपलं. सांगाडा तोवर पुढच्या गाडीसाठी वाकवून झाला होता, त्यामुळे चूक कुठल्या बाजूची ते मापायची सोय नव्हती, आणि शर्यत चार दिवसांवर आली होती. "ही करामत कोणाची?" मालक गरजला. इरियोने हात वर केला. गाडी तशीच गेली. इरियोला मात्र वर्षभर मडगार्डाला हात लावायला मिळाला नाही. दारांच्या आतले पत्रे ठोकत बसला.

आदेल्मोने ही गोष्ट मित्राच्या मरणापर्यंत सोडली नाही. पत्ते खेळताना, लोकांच्या लग्नांत, इरियोच्या पोराच्या बाप्तिस्म्यात सुद्धा. "काय रे इरियो, दाढ दुखते का? उजवा गाल सुजलाय!" सगळा बार हसायचा. इरियोही हसायचा, सगळ्यांत जास्त. चार वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतरही आदेल्मोने थट्टा सोडली नाही. ती सोडली तर मित्र पुरता जाईल, अशी त्याला भीती वाटायची.

आणि एका वसंतात तीच निळी गाडी मोदेनात परत आली. लुगानोचे इंजिनियर तोन्योला तिचे नवे धनी. त्यांना ती मोठ्या प्रदर्शनात बक्षिसासाठी उभी करायची होती. गाडीचं खऱ्या मापाचं मूळ चित्रही त्यांना कुठल्याशा माळ्यावर सापडलं होतं. ते सरळ आदेल्मोच्या दारात आले.

"उजवं मडगार्ड कापून चित्राबरहुकूम करायचंय," ते म्हणाले. "ज्याने डावं केलं, त्याच्याच हातून व्हावं अशी इच्छा आहे."

आदेल्मोची छाती फुगली. पण इरियोच्या हातचं या जगात आता फार थोडं उरलं होतं. नाही म्हणावं, तर दुसरा कुणी परका येऊन कापणार.

"मीच करतो," तो म्हणाला. "निदान त्याला शिव्या देत कापीन. परक्याने मुकाट्याने कापलं तर त्याला करमायचं नाही."

मोजमाप करायला दिलेत्ता आली, ऑफिसातलं यंत्र घेऊन. ते गाडीभोवती फिरवलं की सबंध गाडी पडद्यावर उतरायची. तिने ती मूळ चित्रावर ठेवून बघितली. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"काय गं? फारच सुजलाय का?"

"आजोबा, बसा जरा."

"मी उभाच बरा आहे. बोल."

"उजवं चित्राला बरोबर बसतंय. केसाचा फरक नाही. डावं बोटभर खाली आहे."

यंत्र बिघडलं असेल, चित्र दुसऱ्याच गाडीचं असेल, मधल्या काळात गाडी कुठे धडकली असेल, आदेल्मोचं सगळं म्हणून झालं. शेवटी त्याने डोळे मिटले आणि आपण केलेल्या मडगार्डावरून तळहात फिरवला. माथ्यावर पत्रा दमून खाली बसला होता. झोपेने डोळे मिटत असलेल्या माणसाने ठोकलेला पत्रा. तेव्हा ओर्नेला, दिलेत्ताची आई, नुकती जन्मली होती आणि आई-बापाला डोळा लागू देत नव्हती.

तो स्टुलावर बसला आणि रडला. दिलेत्ता त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. 

दुसऱ्या दिवशी तोन्योला आले, तेव्हा म्हाताऱ्याने टोपी काढली. "इंजिनियर, उजव्याला हात लावायचा नाही. चूक डावीकडे आहे, आणि ती माझी आहे. कापायचं तर माझं कापा."

"मग डावं वर उचला," तोन्योला म्हणाले.

"नका उचलू!" दिलेत्ता मध्येच बोलली. "मी रोज गाड्या काढते, साहेब. आम्ही अर्धीच गाडी काढतो. उरलेली अर्धी कॉम्प्युटर आरशासारखी उलटवून देतो. चूक म्हणून होत नाही. पण पलीकडे कुणी नसतंच. या गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस आहे. त्यातल्या कुणाला पुसून टाकू नका."

आदेल्मो नातीकडे बघतच राहिला. तोन्योला गाडीसमोर उकिडवे बसले आणि दोन्ही गाल पुन्हा पुन्हा न्याहाळू लागले. "गेलं माझं बक्षीस," ते पुटपुटले. मग उठून त्यांनी चित्र गुंडाळलं. "राहू दे तशीच."

त्याच दुपारी आदेल्मो इरियोच्या बायकोकडे, नेरीनाकडे गेला. ती टेबलावर पातळ पारी लाटून, सारण भरून तोर्तेल्लीनी वळत बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, यंत्र, चित्र, डावी बाजू.

"बावन्न वर्षं मी त्याची टर उडवली, नेरीना. आणि चूक माझी होती. त्या बिचाऱ्याला काही न कळता..."

"न कळता कसं?" नेरीनाने हातातली पारी दुमडली. "सांगाडा पुढच्या गाडीसाठी वाकवायच्या आधी त्याने गुपचूप तुझ्या बाजूला माप लावलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? पुन्हा ठोकायला वेळ कुठे होता? तुझी ओर्नेला आठ दिवसांची. मालकाने तुला त्याच संध्याकाळी घालवून दिलं असतं. इरियोला नुसतं दारांवर बसवलं, कारण डावखुरा दुसरा मिळत नव्हता."

"पण नंतर तरी! इतकी वर्षं माझं ते बोलणं ऐकत राहिला?"

"आवडायचं त्याला." नेरीनाने पिठाचे हात झटकले. "घरी आला की आपणहून सांगायचा. आज पुन्हा गाल सुजला म्हणाला, अजून कळलेलं नाही गं त्याला. आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचा."