अकरा रजा, एक टॉवेल

नोकरीला लागले त्या दिवशी आमचे हेडक्लार्क बिराजदारकाका यांनी मला एकच नियम सांगितला. "पोरी, रजा शिल्लक ठेवायची असती, मागायची नसती. आन का म्हणून कुणाला विचारायचं न्हाय."

आमचा सोलापुरातला टॉवेलचा कारखाना. मी ऑफिसात, रजेचं रजिस्टर माझ्याकडे. रजेबद्दल कायदा काय म्हणतो त्याचा बोर्ड आहे, पण तो कपाटामागे आहे. वर्षाखेरीला सगळ्यांनी एका कागदावर सही करायची: 'शिल्लक रजा स्वखुशीने सोडत आहे.' सही केली की एक टॉवेल मिळतो. त्यामुळे आमच्याकडे रजा साठत नाहीत, किस्से साठतात. गेल्या वर्षी मीही सही केली होती. तो टॉवेल अजून रंग सोडतो.

काकांची एकतीस वर्षांत मिळून अर्धी रजा. तीही स्वतःच्या लग्नाची! मुहूर्त दुपारचा होता, म्हणून सकाळी हजेरी लावून गेले. हे ते अभिमानानं सांगतात. एकदा मी काकूंना विचारलं, खरं का हे? काकू म्हणाल्या, "आले होते की. फोटोत हायत."

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की कारखान्यात साथ येते. गेल्या खेपेला एका दिवसात नऊ जण तापानं पडले. मालक आप्पाही त्या दिवशी नव्हते, हैदराबादला पार्टीकडे गेले होते. संध्याकाळी मी सुटल्यावर गड्ड्यावर गेले, तर मोठ्या पाळण्यात आमचे पेशंट ओळीनं बसलेले. आणि सगळ्यात वरच्या पाळण्यात, नातवाला मांडीवर घेऊन, आप्पा!

दुसऱ्या दिवशी आप्पा कुणाला काही बोलले नाहीत. पॅकिंगच्या सुनीताताईनंच विचारलं, "हैदराबादला गर्दी होती का हो, आप्पा?"

ही सुनीताताई कुंभारीहून येते. रजिस्टरात 'कारण' असा रकाना आहे आणि त्यात आप्पांना तीनच कारणं चालतात: मरण, आजार, लग्न. नुसतं 'दमले' लिहिलं तर अर्ज परत. म्हणून सुनीताताईनं रजिस्टरात सासूला दोनदा मारलं. एकदा ती डबा विसरली, आणि डबा घेऊन सासूबाईच गेटवर आल्या. "सुनीताची सासू हाय मी," म्हटल्यावर काका खुर्चीतून उठलेच.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर वाचायला लावलं आणि विचारलं, दोन्ही वेळचे मिळून दिवस किती दिले? मी सांगितलं, तीन.

"दोन डाव मेले, आन तीनच दिस? आता न्हाय मरायची मी."

तर या डिसेंबरची गोष्ट. माझ्या अकरा रजा शिल्लक होत्या. मला सहा हव्या होत्या. माझी आई माहेरच्या बार्शीपलीकडे कधी गेलेली नाही. तिला समुद्र दाखवायचा होता. सोमवारच्या गाडीचं रिझर्व्हेशन झालं होतं, आईनं बॅगही भरली होती. अर्ज मात्र तीन आठवडे आप्पांच्या टेबलावरच्या काचेखाली पडून, कारण 'कारण' रिकामं होतं.

शनिवारी सह्यांचा कागद निघाला. टॉवेलांचा गठ्ठा आला. सगळ्यांनी सह्या केल्या, कागद माझ्यापुढे आला. मी पेनला हात लावला नाही. आधी माझा अर्ज, म्हटलं.

आप्पा म्हणाले, फिरायला म्हणून रजा दिली तर उद्या सगळेच फिरतील. मी म्हटलं, फिरू द्या की, त्यांच्याच रजा आहेत.

काकांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही. हळूच म्हणाले, "कशाला ताणतीस? आईला आजारी कर की. एक शब्द लिही, आप्पा आत्ता सही करतील."

आप्पांना ते ऐकू गेलंच. त्यांनी पेन उघडून धरलं. "लिही, पोरी. काय झालंय आईला?"

"काही झालेलं नाही, आप्पा. ठणठणीत आहे. म्हणूनच आत्ता नेतेय."

आप्पा काकांकडे बघत राहिले. काका टॉवेलांकडे.