परतीची तार

पौर्णिमा भातकुलीची. भातकुलीत राहून भातुकली न खेळलेली ती बहुधा एकटीच मुलगी असावी. तिचे वडील नत्थुजी ट्रॅक्टरचे डायनामो आणि सेल्फ-स्टार्टर दुरुस्त करायचे, आणि ही शाळेतून आली की त्यांच्याशेजारी तारा सोलत बसायची. आता ती चाळिशीला आलीय. अमरावतीत बडनेरा रोडला तिचं स्वतःचं दुकान आहे. तरी नवं गिऱ्हाईक आलं की दारातूनच विचारतं, "मिस्त्री कुठे गेले?" ती मान वर न करता म्हणते, "समोरच बसली आहे, सांगा."

मी चिंतामण, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि आमच्या ग्लायडर क्लबचा चिटणीस. अकोल्याच्या वाटेवरच्या एका माळावर आमची दोन ग्लायडर आहेत. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोरीने वर खेचायचं, मग तापलेल्या काळ्या रानातून उठणाऱ्या गरम हवेवर तरंगत राहायचं. इंजिन नसलं तरी रेडिओ लागतोच, उतरायला धावपट्टी मोकळी आहे का हे विचारायला. गेल्या हिवाळ्यात दोन्ही ग्लायडरना नवे रेडिओ पौर्णिमाने बसवले. तिला बोलवा, असं मीच सुचवलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

फेब्रुवारीत दोन आसनांच्या ग्लायडरचा रेडिओ बिघडला. जमिनीवर आवाज लख्ख, आणि वर गेलं की खरखर. आमचा शिक्षक स्वानंद बोलतोय की कढईत मोहरी तडतडतेय, काही कळायचं नाही.

विमानांची तपासणी करून सही देणारे नागसेन साहेब स्वभावाने कडक. त्यांनी सोमवारी सगळ्यांसमोर सांगितलं, "शुक्रवारपर्यंत दोष सापडला नाही तर पुण्याची माणसं बोलावतो. मग या ट्रॅक्टरवाल्या बाईंनी आपल्या विमानांना हात लावायचा नाही."

बाई तिथेच उभ्या होत्या. मला राग आला, पण मी क्लबच्या वहीत डोकं घातलं. पौर्णिमाने एवढंच विचारलं, "शुक्रवारी किती वाजता येता, साहेब?"

दुकान भाच्यावर सोपवून ती रोज सकाळी सातला माळावर हजर. मी मोठ्या अधिकाराने निदान केलं की सगळी खरखर आत लावलेल्या मोबाइलच्या चार्जरची आहे. तिने चार्जर काढला, स्वानंद उडाला, खरखर तशीच. मग मी अँटेनावर संशय घेतला. तिने अँटेनाची केबल बदलली. खरखर तशीच. बुधवारी मी तिसरं निदान सुरू केलं तेव्हा ती म्हणाली, "सर, तुमी चहा घ्या." चाळीस वर्षं वर्गात पोरांना गप्प करणारा मी गुमान चहा प्यायलो.

गुरुवारी तिने स्वानंदला गाठलं. "सर, रेडिओ खाली चांगला चालते, वर बिघडते. वर तुमी असं काय करता जे खाली नाही करत?"

"उडतो," स्वानंद म्हणाला.

"ते सोडून."

तो विचारात पडला. "पाय हलवतो. शेपटीचं सुकाणू पायाखालच्या पट्ट्यांनी फिरवावं लागतं."

ती लगेच आत जाऊन बसली. मी हातातला रेडिओ घेऊन पन्नास पावलांवर उभा राहिलो. बटण दाबून ती एक, दोन, तीन म्हणत गेली आणि चारला तिने पाय दाबला. माझ्या हातात खर्रर्र झालं. पाय सोडला, आवाज स्वच्छ. तिने सात-आठ वेळा तेच केलं. मग रेडिओ बंद करून ती आत वाकून मायनसची तार कुठून कुठे जाते ते बघू लागली.

ट्रॅक्टरच्या धंद्यात मिस्त्री एकच तार ओढतो. विजेची परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरची लोखंडी बॉडी. मायनस बॉडीला दिला की काम झालं. पौर्णिमाच्या बोटांना तीच सवय. आणि ग्लायडर तर फायबरचं, त्याला अशी बॉडी नसतेच. तिने पुढे मायनस पायाच्या पट्ट्यांच्या लोखंडाला दिला होता, मागे बॅटरीजवळच्या लोखंडी चौकटीला. मधली वाट होती त्या चौकटीला घासून जाणाऱ्या सुकाणूच्या पोलादी दोरीची. पाय हलला की दोरी हलायची आणि वीज तुटत-जोडत जायची.

"माझीच चूक," ती बाहेर येऊन म्हणाली. "दुसऱ्या विमानातबी असंच केलं मीनं."

मी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आज नवी तार टाक. साहेबांना सांगू, चार्जर काढला आणि खरखर गेली. दुसरं पुढच्या आठवड्यात गुपचूप करू." मी हे बोललो, याची मला आजही लाज वाटते.

तिने माझ्याकडे पाहिलं. "काहून, सर? त्या दोरीवर माणूस वळते. आठवडाभर त्यातून वीज जाऊ देऊ?"

तिने नवी तार टाकलीच नाही. शुक्रवारी साहेब आले तेव्हा पट्ट्यांचं झाकण उघडं ठेवून तिने पाय दाबून खरखर ऐकवली, जोड दाखवला. "हे मीनं जोडलं. दुसऱ्याचंबी. दोन्ही उडवू नका."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते चढ्या आवाजात बरंच बोलले, पुण्याच्या माणसांना सोमवारी यायला सांगितल्याचंही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले दोन दिवस द्या. दर तार तुमाले दाखवून टाकते. मग पुण्याले काय ते कळवा."

साहेब स्टूल ओढून ग्लायडरजवळ बसले. दोन दिवस ती दोन्ही ग्लायडरमध्ये प्रत्येक यंत्रापासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र परतीची तार टाकत होती, आणि ते प्रत्येक जोड ओढून बघत होते. चार जोड त्यांनी पुन्हा करायला लावले. तिने केले. दुरुस्तीच्या वहीत तिने आपल्या अक्षरात लिहिलं: मायनस चुकून सुकाणूच्या लोखंडाला दिला होता, चूक माझी. खाली पूर्ण नाव.

रविवारी दुपारी दोन हजार फुटांवरून, उजवीकडे वळता वळता स्वानंद बोलला. शेजारी बसल्यासारखा ऐकू आला. मग दुसरं ग्लायडर वर गेलं, तेही तसंच.

साहेबांनी वहीत पौर्णिमाच्या नावाखाली सही केली आणि तिथेच उभं राहून पुण्याला फोन लावला. "नाही, येऊ नका," ते म्हणाले. "आमचा माणूस आहे इथे."