परदेशी? स्टँडजवळ!

माझे जावई इंग्रज आहेत, ही गोष्ट मी एकदा पोलिसांपासून लपवून ठेवली. मुद्दाम नाही हो! मुद्दाम म्हटलं तर मला लाडवाचा डबासुद्धा लपवता येत नाही. पण कागदोपत्री तसंच झालं. खाली माझीच सही आहे, आणि तीही चांगली झोकात केलेली.

आमचं गाव सांगलीपासून सिटी बसनं अर्ध्या तासावर. गावात माझा मिरची कांडपाचा डंख आहे, म्हणजे मिरची कुटायचं मशीन. उन्हाळ्यात चटणीच्या मिरचीचे डबे घेऊन बायका दारात रांग लावतात आणि मशीन सकाळी जे सुरू होतं ते जेवणालाच थांबतं. डंख बंद करून कोणाशी बोलायची आमच्यात पद्धतच नाही. आम्ही ओरडतो. समोरच्याला कळलं तर ठीक, नाही कळलं तर तो शिंकतो आणि निघून जातो.

माझी सुजाता इंग्लंडमध्ये नर्स होती. तिथल्याच मार्टिनशी तिनं लग्न केलं आणि नंतर दोघं इकडेच राहायला आली. ती सांगलीच्या एका दवाखान्यात जाते. जावई माडीवर बसून कॉम्प्युटरवर तिकडचं काम करतात. तिकडचं ऑफिस उघडतं तेव्हा आमची जेवणं होऊन खरकटी काढून झालेली असतात. म्हणजे सकाळभर जावई रिकामे! आणि रिकामा माणूस माझ्या डोळ्यांना बघवत नाही. आठवड्याभरात मी त्यांना मिरची चाळायला बसवलं. (जावयाला! माझ्या सासूबाई असत्या तर मलाच चाळून काढलं असतं.)

गावानं पहिल्याच दिवशी मार्टिनचं 'मारुतीराव' करून टाकलं. मराठी ते चाळणीवर बसूनच शिकले, त्यामुळे ही भाषा ओरडून बोलायची असते असा त्यांचा पक्का समज झाला. इंग्रजीत बोलताना हा माणूस मांजराच्या पावलानं बोलतो. मराठीत मात्र, "मामी! मीठ द्या!!" पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी विचारतं, "काय झालं वं?"

तर, सुजाताला सातवा महिना होता आणि मारुतीरावांची इथं राहायची मुदत संपत आली होती. मुदत वाढवून घ्यायचा अर्ज केला होता. आता पोलीस घरी येऊन बघून जाणार होते.

"आई, नीट ऐक," सुजाता म्हणाली. "ते विचारतील, हे हितं ऱ्हात्यात का. तू 'व्हय' म्हणायचं. एवढंच. फाटे फोडायचे न्हाईत."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर ह्यांना परत जावं लागंल. बाळ होईल तवा बाप तिकडं आन् आपण हिकडं."

मी म्हटलं, "अगं, एक 'व्हय' म्हणायला मला काय शिकवणी लावायला पायजे व्हय?"

(पायजे होती.)

हवालदार आला तो बरोबर सकाळी अकराला. डंख धडाधड चाललेला, माझ्या नाकातोंडाला फडकं, दारात नऊ बायका. त्यानं म्हणे अर्जदाराचं पूर्ण नाव विचारलं, देश विचारला, सगळं रीतसर विचारलं. माझ्यापर्यंत पोचला एकच शब्द: "परदेशी!"

आता आमच्या गावात परदेशी म्हणजे एकच. स्टँडजवळचे पेढेवाले. आडनावच परदेशी त्यांचं, तीन पिढ्या गावात आहेत. मिरचीचे दोन डबे माझ्याकडं टाकून हा गृहस्थ गायब झाला होता आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

"परदेशी हितं न्हाईत!" मी ओरडले. "स्टँडजवळ!"

"हितं ऱ्हात न्हाईत?" हवालदार शिंकला.

"हितं कशाला ऱ्हातील? मंगळवारपास्नं तोंड दाखवलं न्हाई!"

"आन् सामान?"

"सामान टाकून पळालंय! दोन डबे! घावलं तर माझ्याकडं पाठवा, चांगली खरडपट्टी काढती!"

हवालदार शिंकत शिंकत लिहीत होता. आणि हे सगळं चालू असताना मारुतीराव कुठं होते? त्याच्यापासून चार हातांवर! लुंगी लावलेली, तोंडाला फडकं, केसांपासून पायापर्यंत लालभडक. मिरचीत बसलेल्या माणसाला गोरा म्हणून ओळखणार कोण?

"हे कोण?" हवालदारानं विचारलं.

"आमचं मारुतीराव!"

मारुतीरावांनी मान हलवली आणि काळजीनं ओरडले, "आवं साहेब, जरा लांब हुबा ऱ्हावा! ठसका लागंल!"

हवालदारानं माझी सही घेतली, चहा नको म्हणाला आणि डोळे पुसत गेला. कसली सही, हे मी विचारलंसुद्धा नाही. बिचारा परदेशींची चौकशी करत उन्हातान्हात फिरतोय, एवढंच मला वाटलं.

दोन दिवसांनी परदेशी आले. डबे न्यायला नाही, भांडायला!

"मावशी, पोलिसाला माझ्याविषयी काय सांगितलंसा? माझ्याकडं पासपोर्ट मागत हुता! मी कवा आलो, कुटनं आलो, परत कवा जाणार! गिऱ्हाइकांफुडं! आधार कार्ड दाखवलं तवा गेला!"

"पासपोर्ट? तुमचा? तुमी कवा कराडच्या फुडं तरी गेलाय का?"

हे बोलले आणि मी बोटांवर मोजायला लागले. परदेशी... पोलीस... पासपोर्ट... अगं बाई! मी माडीकडं बघितलं. वर जावई शांतपणे इंग्रजीत बोलत होते. खाली मी त्यांना गावाबाहेर काढून बसले होते.

चार दिवसांनी पोलिसांचा कागद आला. सुजातानं मोठ्यानं वाचला: "अर्जदार सदर पत्त्यावर राहत नाही. मंगळवारपासून दिसलेला नाही. दोन डबे टाकून पसार झाल्याचे घरमालकिणीने सांगितले. स्टँडजवळ शोध घेतला असता एक भारतीय इसम मिळून आला."

सुजाता पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर बडबड केली, कधी कोणाचं बिघडलं नाही, आणि बिघडलं ते पोटच्या पोरीचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सांगलीच्या पोलीस ऑफिसात. सुजाता, मारुतीराव, मी आणि साक्षीला परदेशी. (आता डबे न्यायची आठवण त्यांना झाली होती. दोन्ही डबे मांडीवर.) वाटेत मी मारुतीरावांना दहादा बजावलं, "आज निस्तं इंग्रजी. मराठीचा एक शब्द काढायचा न्हाई."

तिथल्या मोठ्या मॅडमनी फाइल उघडली आणि मान वर न करता विचारलं, "परदेशी कोण?"

"मी!" दोघं एकदम उभे राहिले.

मॅडमनी चष्मा काढला. कोपऱ्यात तो हवालदार बसला होता. त्यानं मला बघितलं आणि शिंकला. (नुसतं बघून!)

मग मॅडमनी मारुतीरावांना इंग्रजीत विचारलं, किती दिवस राहता इथं? आणि घाबरून जावयांनी थेट डंखावरचा आवाज लावला, "लय दिस झालं मॅडम! आमी हितलंच हाय! आमी कुटं जाणार न्हाई!!"

खिडकीतली कबुतरं उडाली. बाहेरचा शिपाई धावत आत आला.

"मॅडम," हवालदार ओरडला, "हे चाळणीवरचं मारुतीराव! मला लांब हुबा ऱ्हावा म्हणालं हुतं!"

घोळ उलगडेपर्यंत मॅडम हसून हसून टेबलावर पडायच्या बाकी राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच जबाब लिहून द्या. हा माणूस परदेशी आहे आणि माझ्या घरी राहतो. मी नवीन अहवाल पाठवते."

मी पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं. माझा गुडघा सुजला होता तेव्हा या माणसानं आठ दिवस एकट्यानं डंख सांभाळला होता. डोळे लाल झाले, पण एका बाईचा डबा मागं ठेवला नाही. त्याला मी माझ्या हातानं परका म्हणून लिहू?

"न्हाई जमायचं मॅडम," मी म्हणाले आणि पदर डोळ्यांना लावला. "आपल्या माणसाला परका कसं म्हणायचं?"

तेव्हा मारुतीराव माझ्याजवळ वाकले आणि जन्मात पहिल्यांदा हळू मराठीत बोलले, "लिवा मामी. कागदावरच हाय ते."

मागं परदेशींनी मोठ्यानं नाक शिंकरलं. डब्याचं झाकण सैल होतं म्हणाले.

मी लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "आता जावयाचं पूर्ण नाव." मी ठसक्यात लिहिलं, 'श्री. मारुतीराव', आणि थांबले. सुजातानं कपाळावर हात मारला. लग्नाला इतके दिवस झाले आणि जावयाचं आडनाव सासूला माहीत नव्हतं!

मुदत वाढली. सुजाताला मुलगी झाली, आणि बाप दवाखान्याच्या दारातच होता. "मुलगी झाली!!" असं तो ओरडला तेव्हा दोन मजल्यांवरच्या नर्सा धावत आल्या. माझ्या जिवात जीव आला.

यंदा मात्र मी तयारीत होते. ऐन हंगामात खाकी कपडे दारात दिसले, हवालदार नवा होता, आणि त्यानं विचारलं, "मावशी, परदेशी कुटं ऱ्हात्यात?" मी ताबडतोब डंख बंद केला. भर रांगेत! बायका आ वासून बघत राहिल्या. मारुतीरावांना चाळणीवरून उठवलं, ओल्या फडक्यानं तोंड खसाखसा पुसून खालचा गोरा रंग बाहेर काढला, एका हातात नात दिली, दुसऱ्या हातात पासपोर्ट दिला आणि पाठ केलेलं एका दमात म्हणून दाखवलं, "मार्टिन एडवर्ड हिगिन्स! परदेशी! हितंच ऱ्हात्यात, ह्याच घरात, कुटंबी पळालेले न्हाईत! सही कुटं करू?"

हवालदार दोन पावलं मागं सरकला.

"सही नको मावशी. मला पेढेवालं परदेशी पायजेत. बदली हून आलोय, ठाण्यात पेढं वाटायचंत."

मी मुकाट्यानं डंखाचं बटण दाबलं आणि तोंडाला फडकं लावून ओरडले, "स्टँडजवळ!"

उत्तर गेल्या वर्षीचंच होतं. फक्त तेव्हा ते चुकीच्या हवालदाराला दिलं होतं!